पन्नाशीत वजनाचं ऑपरेशन करावं का?

सुलभा५१: वजन १०८, उंची पाच फूट दोन. शुगर आहे, गुडघे बोलतात, रात्री छातीत जळजळ. सर्जन स्लीव्ह (जठर कापून लहान करायचं ऑपरेशन) करा म्हणतात. सासूबाईंचं एकच, "भात सोड, सगळं उतरेल." भात सोडून वर्ष झालं! कुणी केलंय का?

मिरजकर: मी ४९व्या वर्षी केलं. जठराचा सुमारे ऐंशी टक्के भाग काढतात. सुरुवातीला नुसतं ताक नि डाळीचं पाणी, तेही घोट घोट. आता अर्धी भाकरी, वाटीभर उसळ; जेवताना पाणी नाही. मध्यंतरी केस इतके गळले की कंगवा बघवेना, पण नंतर आले. बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या मात्र जन्मभर.

डॉ_निवृत्त: जळजळीचं सर्जनना सांगितलंत का? स्लीव्हनंतर ती वाढू शकते. अशा वेळी बरेचदा बायपास सुचवतात (हृदयाचा नव्हे, जठराचा: जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात). आधी एंडोस्कोपी करून घ्या.

सुलभा५१: एंडोस्कोपीचं कुणी बोललंच नाही. सोमवारी विचारते. आणि मिरजकर, लग्नाच्या पंगतीत काय करता हो?

मिरजकर: लहान मुलांच्या पंगतीत बसते. आग्रह करणाऱ्या काकू तिकडे फिरकत नाहीत!