गाडी, नकाशा आणि हरवण्याचे प्रकार: उन्हाळी ओरिएंटियरिंग दौऱ्यांचे अनुभव लिहा

उत्तरमुखी

उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडी काढायची आणि वाटेत लागतील त्या ओरिएंटियरिंगच्या शर्यती पळत (किंवा चालत, किंवा झुडपात बसून नकाशाकडे बघत) पुढे सरकायचं, हा वेडेपणा करणारे आपल्यात दोघं-तिघंच असतील असा माझा समज होता. परवा गप्पांत विषय निघाला आणि एकेक करून सातजणांनी हात वर केले. म्हणून हा धागा. किती वेळात पळालात, कितवे आलात हे नका सांगू. फजिती सांगा.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: हातात नकाशा आणि होकायंत्र. नकाशावर जांभळी वर्तुळं, प्रत्येक वर्तुळाच्या मध्यभागी एक कंट्रोल, ते दिलेल्या क्रमाने गाठायचे. जागेवर 30 सेंटिमीटरचा पांढरा-केशरी झेंडा टांगलेला असतो. त्यावरचा नंबर आपल्या यादीशी ताडून बघायचा, बोटाला बांधलेली चिप तिथल्या डबीत घालायची, टीं वाजलं की पुढे. मधली वाट ज्याची त्याने शोधायची. 1897 साली 31 ऑक्टोबरला ऑस्लोजवळ पहिली सार्वजनिक शर्यत झाली, तेव्हा साडेएकोणीस किलोमीटरमध्ये कंट्रोल होते फक्त तीन. आता पाच किलोमीटरमध्ये पंधरा-वीस असतात. म्हणजे चुकायची सोय भरपूर.

सुरुवात माझ्यापासून. डॅशबोर्डवर फोन अडकवायचा चुंबकाचा स्टँड होता आणि त्याच्या खालच्या खणात, चांगलं हाताशी असावं म्हणून, मी होकायंत्र ठेवलेलं. तीन दिवस आम्ही गाडीतच होतो. चौथ्या दिवशी सकाळी शर्यत. पहिला कंट्रोल सरळ उत्तरेला, तीनशे मीटरवर, एका दलदलीच्या काठाला. सुई जुळवली, नकाशा फिरवला, पळाले. दलदल काही येईना. पायवाट आली, जी यायला नको होती. मग तारेचं कुंपण आलं. आपण पुढे आलो असू म्हणून परत फिरले, पुन्हा सुई जुळवली, पुन्हा तेच कुंपण.

तिथे उभी असताना डाव्या गालाला ऊन लागत होतं. सकाळचे दहा वाजलेत, मी उत्तरेकडे तोंड करून उभी आहे, मग ऊन डावीकडून कसं? उजवीकडून यायला हवं ना? दोन मिनिटं मी सूर्यावरच संशय घेतला. मग डोक्यात प्रकाश पडला: सुईचं लाल टोक दक्षिणेला वळलं होतं. शेजारच्या चुंबकाने सुईचे ध्रुव उलटे करून टाकले होते. असं होतं हे वाचलेलं होतं, पण ते लोकांच्या होकायंत्राचं होतं.

उरलेली सगळी शर्यत पांढरं टोक उत्तर मानून पळाले. पहिल्या तीनशे मीटरला एकोणीस मिनिटं. आता होकायंत्र मागच्या सीटवर, मोज्यात गुंडाळून.

दहाहजारी

हसू नये, पण हसलो. माझं होकायंत्र शाबूत होतं, डोकं उलटं झालं होतं.

आमच्या दौऱ्यात तीन आठवड्यांत पाच शर्यती होत्या. पहिल्या तीन जंगलातल्या, 1:10,000 चे नकाशे. एक सेंटिमीटर म्हणजे शंभर मीटर, हे इतकं अंगात भिनतं की आपण मोजतही नाही, पाय आपोआप थांबतात. चौथी होती एका जुन्या गावातली स्प्रिंट, म्हणजे छोटी, वेगाची शर्यत. नकाशा 1:4,000. तिथे एक सेंटिमीटर म्हणजे चाळीस मीटर. स्टार्टच्या रांगेत स्केल वाचलं होतं, मनात म्हटलंही होतं. पळायला लागल्यावर पाय काही ऐकेनात. प्रत्येक बोळ मागे टाकून पुढच्या बोळात शिरत होतो. तिसऱ्या कंट्रोलपर्यंत चार वेळा मागे फिरलो. एका खिडकीत एक आजी बसल्या होत्या, त्यांनी मला तिसऱ्यांदा बघितल्यावर हात केला.

खरा घोळ पुढे. नवव्याला जाताना समोर कमरेएवढी भिंत. जंगलात असली भिंत आपण बघतही नाही, हात टेकला की पलीकडे. टेकला, गेलो. नकाशावर ती जाड काळ्या रेषेने काढलेली होती, म्हणजे ओलांडायला मनाई. भिंत प्रत्यक्षात किती उंच आहे याला काही अर्थ नसतो; स्प्रिंटमध्ये जाड रेघ म्हणजे लांबून वळसा. कोपऱ्यावर उभ्या असलेल्या पंचांनी शांतपणे माझा नंबर लिहून घेतला. बाद.

समोच्च रेषांचंही तसंच. एका ठिकाणी दोन रेषांमध्ये पाच मीटर, पुढच्या ठिकाणी सपाट वाळूचा प्रदेश म्हणून अडीच. तिथे मी एक "टेकडी" शोधत दहा मिनिटं फिरलो. तिच्यावरच उभा होतो.

चाकावर घर

आमची गोष्ट किल्लीची. गाडीला किल्ली एकच (दुसरी घरी, खणात, सुखरूप). आम्ही दोघंही पळतो. माझा स्टार्ट 10:42, बायकोचा 10:58. ठरलं असं की किल्ली डाव्या मागच्या चाकावर ठेवायची, जो आधी येईल त्याने घ्यायची.

मी तासाभरात आलो. चाकावर हात फिरवला, किल्ली नाही. चारही चाकं झाली. गाडीखाली आडवा होऊन बघितलं. तेवढ्यात पाऊस. पार्किंग म्हणजे नुकतंच कापलेलं कुरण, आडोशाला एक झाड नाही. कोरडे कपडे काचेतून दिसतायत, टॉवेल दिसतोय, पाण्याची बाटली दिसतेय. फिनिश दीड किलोमीटर मागे, परत जावं तर तेवढ्यात ही आली तर? एक तास चाळीस मिनिटं मी त्या कुरणात उभा होतो. पहिला अर्धा तास राग आला. मग काळजी वाटायला लागली. काळजी वाटतेय याचाही राग आला.

ती आली, आणि पहिलं वाक्य: "अरे, तू कपडे का नाही बदललेस?"

किल्ली तिच्या खिशात होती. सेफ्टी पिन लावून.

सावकाश चालणारी

वर पावसात उभी असलेली व्यक्ती माझा नवरा. आता माझी बाजू ऐका.

किल्ली चाकावर ठेवायची हे *त्याने* ठरवलं होतं. मी स्टार्टला निघाले तेव्हा शेजारच्या गाडीतली तीन मुलं आमच्या चाकावरून चेंडू काढत होती. त्यांच्या समोर ठेवू? खिशात घातली. त्याला सांगायला तो होताच कुठे, जंगलात होता.

आणि उशीर का झाला ते त्याने लिहिलं नाही, कारण त्याला आवडत नाही. माझ्या सातव्या कंट्रोलला जायला दोन वाटा होत्या: पायवाटेने लांबून, नाहीतर हिरव्यातून सरळ. नकाशावर पांढरं म्हणजे मोकळं, पळता येईल असं जंगल; हिरवा जितका गडद तितकी गचपण. गडदातल्या गडद हिरव्यात माणसाचा वेग नेहमीच्या पाचव्या हिश्शापेक्षाही कमी होतो, असं नकाशाचे नियमच सांगतात. आदल्या रात्री तंबूत यानेच मला तासभर समजावलं होतं की "तू फार भित्री वाट घेतेस, सरळ जा." गेले सरळ. एकशे वीस मीटर, एकतीस मिनिटं. एका ठिकाणी मी अक्षरशः फांद्यांवर आडवी पडले होते आणि पाय जमिनीला टेकत नव्हते. होकायंत्राची दोरी तुटली. सोडून कशी देणार? सहा कंट्रोल झाले होते!

सातवा सापडला तेव्हा झेंड्याशेजारी बसून मी एक संत्रं खाल्लं. ते दहा मिनिटं मात्र माझी चूक.

चाकावर घर

संत्र्याचं मला आत्ता कळतंय.

गोचीडतज्ज्ञ

दोन मुलं (आठ आणि अकरा) घेऊन फिरणाऱ्यांसाठी. मुलांसाठी बऱ्याच ठिकाणी दोरीचा मार्ग असतो: जंगलातून दोरी लावलेली, ती धरून चालत राहायचं, वाटेत कंट्रोल. धाकटीने दोन वर्षं तोच केला. नवरा-बायकोला पाळीपाळीने पळायचं असेल तर आधी कळवा, स्टार्टच्या वेळा लांब लांब देतात. कळवलं नाही तर वरच्या दोघांसारखं होतं.

आमच्या दौऱ्यात रोज संध्याकाळी गाडीचा मागचा दरवाजा उघडून गोचीड-तपासणी. गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला, कानामागे. बारीक चिमट्याने कातडीलगत धरायचं आणि सरळ वर ओढायचं. तेल, जाळ, असले उद्योग करायचे नाहीत. मुलगा वहीत आकडे लिहायचा. शेवटी बाबा चौदा, आई सहा, तो स्वतः तीन. धाकटीला एकही नाही, म्हणून ती रडली.

बूट: ओले बूट बंद गाडीत ठेवू नका. एवढंच सांगते. ज्यांनी ठेवलेत त्यांना माहीत आहे.

मागोमाग

स्वीडनमध्ये 1965 पासून जवळपास दर जुलैत पाच दिवसांची शर्यत होते, ओ-रिंगेन. वेगवेगळ्या वयांचे, पातळ्यांचे हजारो लोक येतात, अगदी नवख्यांसाठी सुद्धा गट असतात. आम्ही गाडी घेऊन त्यासाठीच गेलो. पार्किंग ते स्टार्ट चालत जातानाच माणूस गार होतो, ओढाच असतो माणसांचा.

माझी अडचण अशी की मी एकटा बरा पळतो. जंगलात कोणी दिसलं की माझं डोकं बंद होतं. दुसऱ्या दिवशी, चौथ्या कंट्रोलनंतर, डावीकडून दहा-बाराजण जोरात आले. सगळ्यांचे पाय भक्कम, चेहऱ्यावर शंका नाही. मी त्यांच्यामागे. धोंडे, ओलं शेवाळ, त्यावरून घसरत, पण काय वेग! मजा आली. एक झेंडा आला, सगळ्यांनी पंच केलं (म्हणजे डबीत चिप घातली), मीही केलं. पुढचा आला, केलं. तिसऱ्याला माझी नजर नंबरावर गेली. माझ्या यादीत 87, झेंड्यावर 78. ते सगळे दुसऱ्याच गटाचे होते. त्यांचे कंट्रोल वेगळे, क्रम वेगळा. जास्तीचे कंट्रोल पंच केले म्हणून कोणी बाद होत नाही, आपले क्रमाने झाले की पुरे. पण मी आता कुठे होतो?

नकाशावरून अंगठा केव्हाच सरकला होता. अंगठा नेहमी आपण आहोत त्या जागी ठेवायचा आणि चालू तसा सरकवायचा, हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी तो घडी सांभाळायला वापरत होतो. सगळे उंचवटे सारखे दिसायला लागले. शेवटी एका तळ्याचा काठ लागेपर्यंत चाललो, तळ्याच्या आकारावरून जागा पटवली आणि तिथून पुन्हा. चव्वेचाळीस मिनिटं गेली.

पाच दिवसांच्या वेळेची बेरीज होते, तेव्हा पाचव्या दिवसापर्यंत ती चव्वेचाळीस मिनिटं सोबत होती. मुलगी म्हणाली, "बाबा, गाडी चालवताना पण तुम्ही असंच करता." खरं आहे. आदल्या आठवड्यात एका ट्रकच्या मागे मागे मी चुकीच्या फाट्याला लागलो होतो.

फिनलंडची युकोला, म्हणजे सातजणांची रात्रभर चालणारी रिले, 1949 पासूनची, तिला जायची इच्छा आहे. पण तिथे एका वेळी सगळे एकदम सुटतात. माझं काय होईल सांगा.

उत्तरमुखी

@मागोमाग, पहिल्या लेगला (टप्प्याला) पळू नका. तिसऱ्या-चौथ्याला पांगलेले असतात.

एम सत्तर

मी तुमच्यापेक्षा बराच जुना. फजिती लिहा म्हणालात, म्हणून लिहितो, पण हसण्यासारखी नाही.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. एकटाच गाडीने फिरत होतो. छोटी शर्यत, बारा कंट्रोल, शंभरेक लोक. नवव्या कंट्रोलला, एका घळीत, पाऊण तास शोधलं आणि मिळाला नाही. ऊन फार होतं, पाणी संपलं, चिडलो. घळीच्या वरच्या अंगाला रस्ता होता आणि रस्त्याच्या कडेला माझी गाडी. बसलो आणि निघालो. पुढचा मुक्काम साठ किलोमीटरवर होता.

शर्यत सोडली तरी फिनिशला जाऊन चिप वाचून द्यायची, हा या खेळातला पहिला नियम. तीस वर्षं मी तो नवीन मुलांना सांगत आलो होतो. त्या दिवशी मला तो आठवलासुद्धा नाही. मुक्कामाला पोहोचलो, आंघोळ केली, झोपलो.

फोन गाडीतच राहिला होता. संध्याकाळी उघडला तर अकरा मिस्ड कॉल. जंगलात एक म्हातारा माणूस आहे, उन्हाचा, एकटा, असं समजून पंधरा-वीस लोक तीन तास घळी धुंडाळत होते. त्यातले निम्मे स्वतः सकाळी शर्यत पळालेले.

फोनवर माफी मागून भागलं असतं. नाही मागवली. साठ किलोमीटर परत गेलो. कोणी ओरडलं नाही, एक बाई फक्त म्हणाल्या, "बरे आहात ना?" आणि पाण्याची बाटली पुढे केली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

झेंडे अजून जंगलातच होते, माझ्यामुळे ते गोळा करायचे राहिले होते. म्हटलं, मी आणतो. अंधार पडेपर्यंत मी आणि दोन कॉलेजची मुलं फिरलो. माझ्या वाट्याला पाच होते. चार आणले. नववा तेव्हाही मला सापडला नाही. त्यातल्या एका मुलाने जाऊन आणला.