जनुकशास्त्राच्या कार्यशाळांना छोटी अनुदानं: उपयोग होतो का?

दापोलीकर_मास्तर
आमच्या शाळेला जनुकशास्त्राच्या कार्यशाळेसाठी २० हजारांचं अनुदान मिळालं. गावातल्या एका जाणत्या माणसाने विचारलं, "एवढ्यात काय होणार?" म्हणून हा धागा.

माझं मत ठाम आहे, अशी अनुदानं कोकणात अजून हवीत. पिकलेलं केळं कुस्करलं, त्यात मीठ आणि भांड्यांचा साबण कालवला, गाळलं आणि कडेने थंडगार स्पिरिट सोडलं. डीएनएचे पांढरे तंतू वर आले तसा नववीचा वर्ग चिडीचूप. मग एकाने विचारलं, "सर, हापूसचा बाठा लावला तर हापूस का नाय येत?" त्याच्या घरी आजोबांपासून कलमं बांधतात! बाठ्यात दोन झाडांची जनुकं मिसळतात, कलमात हापूसची काडी जशीच्या तशी वाढते, हे त्याला त्या दिवशी उमगलं.

पेण_लॅब
सर, मनापासून असहमत. मी कातकरी वाड्यांवर सिकलसेलच्या, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या, तपासणीला जातो. पावसाळा संपला की कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघून जातात, रक्त घ्यायला माणूस सापडत नाही. राष्ट्रीय सिकलसेल मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली, २०४७ पर्यंत हा आजार संपवायचं लक्ष्य आहे. तुमचे २० हजार आमच्या गाडीच्या डिझेलला मिळाले असते तर कितीतरी वाड्या झाल्या असत्या. केळ्याचे तंतू पाहून कुणाचं दुखणं थांबत नाही.

खाडीकाठची_ताई
दादा, तपासणी हवीच. पण त्यानंतरचं कोण बघणार? आमच्याकडे एका मुलीच्या कार्डावर 'वाहक' लिहून आलं आणि ठरत आलेलं लग्न मोडलं. ती आजारी नव्हती, तिच्याकडे फक्त एक सदोष जनुक होतं. हे समजावायला कुणी आलंच नाही.

मी वाडीवर चिंचोके फोडून नेते. एक अर्धुक आईचं, एक बापाचं, पांढरी बाजू म्हणजे सदोष जनुक. दोन्ही पांढरी पडली तर मूल आजारी. आईबाप दोघेही वाहक असतील तर दर खेपेला चारात एक शक्यता. बायका म्हणतात, "पहिलं आजारी निघालं, म्हणजे पुढची तीन सुटली." तसं नसतं, प्रत्येक बाळंतपणाला डाव नव्याने पडतो. पाच-सहा वेळा चिंचोके टाकले की त्यांचं त्यांनाच कळतं. याला चिंचोक्यांपुरताही खर्च नाही, पण माझं येणं-जाणं आणि बुडालेली मजुरी कोण देणार? अनुदान त्यासाठी हवं.

वेंगुर्लेकर
ताईंचं पटलं. मास्तरांचं अर्धंच. माझा राग कागदपत्रांवर आहे. केळी आठवडी बाजारातून घ्यायची आणि पक्कं बिल जोडायचं? एका अनुदानाचा दुसरा हप्ता वर्षभर अडकला, पैसे मी खिशातून घातले. छोट्या रकमेला हिशेबही छोटा ठेवा.

आणि केळ्यावर थांबू नका. नीलम आणि हापूसच्या संकरातून 'रत्ना' आमच्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात तयार झाला, रत्ना आणि हापूसमधून 'सिंधू'. मुलांना तिथे न्या. बसभाडं अनुदानात बसवा.

पेण_लॅब
ताई, लग्न मोडल्याचं वाचून गप्प बसलो. आम्ही कार्डं वाटतो आणि पुढच्या वाडीला जातो, हे खरं. तरी शाळेतल्या एका दिवसाच्या कार्यक्रमाला पैसे द्यावेत हे अजून पटत नाही. निदान तपासणी आणि चिंचोके एकाच दिवशी, एकाच वाडीवर व्हावेत.

दापोलीकर_मास्तर
चालेल. दिवाळीनंतर नको, तेव्हा वाड्या रिकाम्या असतात. भाद्रपदात ठेवूया. ताई, किती चिंचोके लागतील?