पोकर: दुसऱ्याचा डाव समजावता येतो, स्वतःचा आला की गडबड. मदत हवी आहे

मंडळी, मी वेंगुर्ल्याचा. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा आम्ही पाचसहा जण पडवीत पोकर खेळतो, पैसे नाहीत हां, चिप्स म्हणून काजूच्या बिया. शिकवणारं कोणी नाही, म्हणून कोणी हरला की त्याचा डाव परत मांडून कुठे चुकलं ते मी सांगतो आणि खरं तर त्यातूनच मला जास्त कळलं.

परवा मामेभावाकडे बदामची अठ्ठी-नव्वी, फ्लॉपवर (मधे उघडलेल्या पहिल्या तीन पानांत) दोन बदाम, टर्न (चौथं पान) कोरा, म्हणजे पाचवा बदाम यायला एकच पान उरलेलं. पॉटमध्ये (मधल्या ढिगात) 200 बिया, समोरच्याने 100 लावल्या, याने कॉल केला (तेवढ्याच घातल्या) नि हरला. म्हटलं, 100 घालून 300 मिळणार, एकूण 400 मधले 100 आपले, म्हणजे 25 टक्के चान्स तरी हवा, तुझ्या कामाची पानं, म्हणजे उरलेले बदाम, 9, न दिसलेली 46, म्हणजे 20 टक्केसुद्धा नाही, फोल्ड करायचं, पानं टाकून द्यायची (पुढे अजून बिया निघणार असतील तर गोष्ट वेगळी). तो म्हणतो, "मग काल तू काय केलंस?" काल मी तेच केलेलं 😅

निकाल आधीच माहीत असतो म्हणून मी शहाणा ठरतो काय? शेवटचं पान झाकून उत्तर द्यावं, की स्वतःचे डाव वहीत लिहून दुसऱ्याला दाखवावे? कुडाळ-सावंतवाडीकडे कोणी खेळणारं असेल तर सांगा, बिया आमच्या.