मदत हवी आहे: मणक्याच्या ऑपरेशननंतरच्या दुखण्यासाठी ईएसपी ब्लॉक (पाठीच्या स्नायूंखाली देतात ते बधिर करणारं इंजेक्शन)
आईचं (वय ६७) पुढच्या आठवड्यात कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन आहे, एल४-एल५ फ्युजन (कमरेचा चौथा आणि पाचवा मणका जोडणं). क्रिएटिनिन वाढलेलं (किडनीवर ताण), म्हणून डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या बंद. गुडघ्याच्या वेळी ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाने उलट्या करून हैराण झाली होती, नुसतं पॅरासिटामॉल पुरलं नव्हतं. आता भूलतज्ज्ञ पूर्ण भूल दिल्यावर सोनोग्राफीत बघून पाठीच्या दोन्ही बाजूंना ईएसपी ब्लॉक देणार म्हणतात. हे एपिड्युरल (मणक्याच्या पोकळीत देतात ते इंजेक्शन) नव्हे, मी दोनदा विचारून घेतलं! रक्त पातळ करायची गोळी नाही, साखर आटोक्यात आहे. पण एका इंजेक्शनचा असर काही तासांचाच. ज्यांच्या घरी हा ब्लॉक दिला गेलाय त्यांनी किंवा इथल्या भूलतज्ज्ञांनी सांगावं: असर उतरल्यावर पहिल्या रात्री काय दिलं? आणि औषध चालू ठेवायला कॅथेटरचं विचारू, की जखमेजवळ नळी नकोच?