कॅटलॉगमधलं स्पेलिंग आणि अनुस्वार

अमेरिकेतल्या ग्रंथालयांच्या कॅटलॉगमध्ये जुनी मराठी पुस्तकं सापडतच नाहीत, अशी तक्रार असते. पुस्तक बहुतेकदा असतं, स्पेलिंग आडवं येतं. तिथे लायब्ररी ऑफ काँग्रेसचं लिप्यंतर, म्हणजे मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहिण्याची पद्धत, वापरतात. त्यात शेवटचा न उच्चारलेला 'अ'ही लिहितात. म्हणून 'तुकाराम'च्या रोमन स्पेलिंगमध्ये एमनंतर आणखी एक ए टाका. देशपांडे शोधताना डी-ई-एस-ए-पी-ए-एन-डी-ई. एसनंतर एच नाही. अक्षरांवरच्या रेघा-टिंबं सहसा गाळली तरी चालतात.

देवनागरीत शोधताना घोळ वेगळा. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या शीर्षकांत 'भाषेचें' असं अनुस्वारासह असतं, 'भाषेचे' टाकलं की ते निसटतं. शब्दाचा शेवट मोकळा सोडणाऱ्या फुलीची (*) सोय असेल तर 'भाषेच*' टाका, नाहीतर तो शब्दच वगळून शीर्षकातले बाकीचे शब्द द्या. 'ऱ्हास' तर आणखी छळतो: 'ऱ' वापरून किंवा 'र'ला हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन, तो दोन्ही प्रकारे टंकता येतो. पडद्यावर दिसतं सारखंच, मशीनला मात्र शब्द दोन.

शीर्षकच धड आठवत नसेल तर ड्यूई पद्धतीच्या, म्हणजे पुस्तकांना विषयानुसार आकडे देणाऱ्या, ग्रंथालयात त्या आकड्याने (वर्गांकाने) चाळा. मराठी साहित्य ८९१.४६, त्यातली कविता ८९१.४६१, कथा-कादंबरी ८९१.४६३. इथे स्पेलिंगचा प्रश्नच येत नाही.