अनुभव धागा: जेवणाशी भांडण मिटवताना कुणाचे कुठले शब्द कामी आले?

कृष्णाकाठ

मी सांगलीची, विश्रामबागची. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून पाच-सहा वर्षं आधी ॲनोरेक्सिया (वजनाच्या भीतीनं खाणं तोडण्याचा आजार) आणि मग बुलिमिया (खूप खाऊन ते बाहेर काढण्याचा आजार) असा प्रवास झाला, आता तीन वर्षं सावरतेय. आपल्याकडे भेटलं की पहिला प्रश्न 'जेवलीस का?' आणि मला त्या प्रश्नाचीच धडकी भरायची. म्हणून हा धागा काढतेय, की या काळात कुणाचं कुठलं बोलणं तुम्हाला धरून ठेवायला मिळालं, मग ते डॉक्टरांचं असो, आजीचं असो नाहीतर एसटीत शेजारी बसलेल्या बाईंचं.

एकच हात जोडून विनंती, किलो, कॅलरी, किती दिवस काही खाल्लं नाही, काय काय करायचो, हे लिहू नका. आजारात असताना मी दुसऱ्यांचे अनुभव सावध व्हायला वाचतच नव्हते, मी त्यांच्याशी स्पर्धा करायचे. एखादा आकडा दिसला की तो डोक्यात जाऊन बसायचा.

माझं सांगते. मिरजेला ज्या आहारतज्ज्ञ मॅडम होत्या त्यांनी पहिल्या भेटीत डाएट चार्ट दिलाच नाही, एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत मिनेसोटात 1944-45 साली 36 धडधाकट तरुणांवर एक प्रयोग झाला, स्वतःहून आलेली मुलं होती, त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. तर ती मुलं दिवसभर खाण्याचाच विचार करायला लागली, पाककृतीची पुस्तकं जमवायला लागली, चिडचिडी झाली, उदास झाली, माणसांत मिसळेनाशी झाली, आणि नंतर हवं तेवढं खायला मिळालं तेव्हा काहींचं पोट गच्च भरलं तरी भूक जाईना. मी ऐकतच राहिले कारण मी रोज रात्री पांघरुणात रेसिपीचे व्हिडिओ बघायचे आणि मला वाटायचं मी आतून किती हावरट आहे. मॅडम म्हणाल्या, "ही तुझ्या स्वभावातली खोट नाही गं, उपाशी मेंदू असाच वागतो." घरी येताना बसमध्ये रडले. त्या दिवसापासून स्वतःला शिव्या देणं जरा कमी झालं.

राजवाड्यामागची

मी सातारा. माझं उपवासांमागे लपलेलं होतं. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्रात तर नऊच्या नऊ दिवस. घरात सगळ्यांना कौतुक, एवढ्या लहान वयात किती श्रद्धा म्हणून. फक्त आजीला कळलं होतं. ती स्वतः सगळ्या एकादश्या धरणारी बाई, एक दिवस निवडायला मेथी घेऊन बसलेली आणि मान वर न करता म्हणाली, "देवासाठी धरतीस का कशापासनं लपायला धरतीस?" मी उठून गेले. दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

मग तिनंच सांगितलं. आजोबा गेल्यावर तिला अन्न जायचंच बंद झालेलं, महिनाभर. शेजारच्या काकी रोज दुपारी स्वतःचं ताट घेऊन यायच्या, हिच्या समोर बसून जेवायच्या आणि जायच्या. खा म्हणाल्या नाहीत की समजावलं नाही. "एक दिस तिच्याच ताटातला भाकरीचा तुकडा मोडला बघ मी," म्हणाली. हे तिनं घरात कुणालाच सांगितलेलं नव्हतं, माझ्या वडिलांना पण नाही. मला शहाणपण बरंच लोकांनी सांगितलं होतं, स्वतःचं असं कुणीच उघडं केलं नव्हतं.

नंतर उपचार झाले, वेळ लागला, सगळं आजीच्या बोलण्यानं झालं असं नाही, डॉक्टर लागलेच. पण बरी होत असताना सज्जनगडावर प्रसादाच्या पंक्तीत बसले, दोन्ही बाजूला अनोळखी माणसं, वाढणारा पुढं येतोय, आणि मी ताटावर आडवा हात धरला नाही. तो दिवस अजून आठवतो.

लाल_माती

पुरुषांनी लिहिलं तर चालेल का माहीत नाही पण लिहितो. कराडकडचा आहे, तालमीत वाढलो. आमच्याकडं वजनी गट असतो, स्पर्धा आली की वजन उतरवायचं, स्पर्धा झाली की तुटून पडायचं, सगळेच करतात म्हणून कुणाला वावगं वाटत नाही. माझं मात्र स्पर्धा नसताना पण चालू राहिलं आणि उलट्या काढायचं लागलं. हा पोरींचा आजार असतो असं डोक्यात होतं त्यामुळं सांगणार कुणाला.

दात दुखायला लागले म्हणून दवाखान्यात गेलो. डॉक्टर बाईंनी आत बघितलं, खुर्ची सरळ केली, असिस्टंटला बाहेर पाठवलं आणि म्हणाल्या, "मी रागावणार नाही. हे ॲसिडनं झिजलेले दात आहेत, मी आधी पण बघितलेत." 'आधी पण बघितलेत' हे ऐकून कसं सांगू, छातीवरनं कुणीतरी उठल्यासारखं झालं. म्हणजे मी एकटा नव्हतो. त्यांनीच फिजिशियनकडं पाठवलं, रक्तात पोटॅशियम कमी निघालं, ईसीजी काढला. वरनं बघितलं तर मी बैलासारखा दिसत होतो आणि आत हृदयाचे ठोके चुकायची वेळ आलेली.

वस्तादांना सांगायला अजून चार महिने लागले. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "वरच्या गटात खेळ. पडलास तर पड. खुराक सोडायचा न्हाई." खेळलो, पडलो पण. खुराक चालू आहे.

तासगावची आई

माझी मुलगी आजारी होती, आता 22 ची आहे. मी इथे शब्दांची दुसरी बाजू लिहिते कारण ती मी स्वतः केली. ती जरा सावरायला लागली तेव्हा एका लग्नात नात्यातल्या बाई लांबूनच ओरडल्या, "अगंबाई, तब्येत सुधारली की!" आपण हे प्रेमानंच म्हणतो, पण तिला त्यात 'जाड झालीस' एवढंच ऐकू आलं आणि पुढचे दोन दिवस आम्ही परत होतो तिथंच. आणि मी काय केलं तर ताटाशी उभी राहून 'एक घास माझ्यासाठी' करत राहिले, रडले, शपथा घातल्या. शपथ घातली की ती आणखी मिटायची.

शेवटी तिनंच सांगितलं, "आई, जेवलीस का असं विचारू नको. ये, माझ्याबरोबर बस, असं म्हण." एवढंच. आता मी तसंच म्हणते. कधी येते, कधी नुसती बसते.

इस्लामपूर_४६

मला कुणी आजारी समजलंच नाही, खादाड समजले. उलट्या नाहीत, उपवास नाहीत, फक्त रात्री एकटीनं उभ्याउभ्या खायचं, थांबताच यायचं नाही, आणि मग सकाळपर्यंत लाज. समुपदेशक ताई म्हणाल्या याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात, डॉक्टर लोकांच्या अमेरिकन निदान-पुस्तकात 2013 पासून हा स्वतंत्र आजार म्हणून आहे. वयाच्या 46 व्या वर्षी पहिल्यांदा मला त्याचं नाव मिळालं. बाकी कुणाच्या बोलण्यानं नाही, त्या एका नावानं मी दुसऱ्यांदा ताईंकडं गेले.

शब्दांना_घाबरणारी

थोडं वेगळं मत मांडते, राग मानू नका. मला प्रेरणादायी वाक्यांचा त्रासच झाला. कपाटाच्या दारावर चिकटवलेली होती, स्वतःवर प्रेम करा वगैरे. वाईट दिवशी ती वाचली की वाटायचं मला एवढं पण जमत नाही. सगळी काढून टाकली. राहिला तो मैत्रिणीचा एक मेसेज, ती पण याच आजारातून जात होती: "आज तीनदा रडले. तरी रात्रीचं जेवले." अजून जपून ठेवलाय.

नवीन_इथे

मी 19, सांगलीत शिकते, हॉस्टेलला. सगळं वाचलं. मी अजून कुणालाच सांगितलं नाहीये. मेसला जायचं बंद केलंय. कधी कधी उठल्यावर चक्कर येते. काय करू?

कृष्णाकाठ

@नवीन_इथे लिहिलंस हे फार बरं केलंस. चक्कर येतेय ना, तर उद्याच डॉक्टरांकडे जा, रूममेटला बरोबर घे, आणि त्यांना खरं सांग म्हणजे ते ईसीजी आणि रक्त तपासतील. छातीत धडधडलं किंवा भोवळ येऊन पडलीस तर उद्याची वाट न बघता लगेच. आणि खूप दिवस कमी खाल्लं असेल तर घाबरून एकदम भरपूर खायला लागू नको, त्यानं रक्तातले क्षार अचानक खाली जाऊन जिवावर बेतू शकतं, हळूहळू कसं वाढवायचं ते डॉक्टर ठरवतील. रात्री कुणाशी तरी बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 आहे, सरकारी, फुकट, 24 तास, मराठीत बोलतात.

आज आठ वाजता मी जेवायला बसणार आहे. पिठलं केलंय. ये, माझ्याबरोबर बस, तू तिकडं मेसमध्ये, मी इथं. फोन शेजारी ठेवते.

नवीन_इथे

डॉक्टरांचं रूममेटला सांगितलं आत्ता. सकाळी जातोय.

मेसला मटकी आहे. बसलेय.