जुनी ओकची मॉरिस चेअर मिळाली आहे, स्टिकलीची आहे का? आणि पॉलिश काढायचं का?

पार्सिपनीकर:
नमस्कार मंडळी, इथे न्यू जर्सीत एका इस्टेट सेलमधून ओकची जुनी आरामखुर्ची घेतली, मॉरिस चेअर म्हणतात तसली. पाठ मागेपुढे करता येते, त्यासाठी मागे आडवा दांडा आणि खाचा आहेत, हाताखाली उभ्या पट्ट्या, आणि वजन एवढं की एका माणसाला हलत नाही. रंग काळपट तपकिरी, वरून मळाचा चिकट थर. सीटचं लेदर फाटून स्प्रिंगा बाहेर आल्यात. विकणाऱ्या बाई म्हणाल्या आजोबांची खुर्ची, बाकी कागद वगैरे काही नाही. गुस्ताव स्टिकली या जुन्या अमेरिकन फर्निचरवाल्याचं घर, क्राफ्ट्समन फार्म्स, आमच्या गावातच आहे, तिथल्या लॉग हाऊसमध्ये बघितलेल्या खुर्च्यांची खूप आठवण येते हिच्याकडे बघून, म्हणून शंका. ओळखायचं कसं? आणि नवरा म्हणतोय सँडर आणून सगळं घासू आणि नवंकोरं पॉलिश मारू, माझं मन होत नाहीये. जाणकारांनी प्लीज सांगा.

रंधा_पटाशी:
ताई, सँडर अजिबात लावू देऊ नका! बाकीचं नंतर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या चांगल्या ओक फर्निचरचा रंग बहुतेक वेळा ब्रशने लावलेला नसतो, अमोनियाची धुरी दिलेली असते. व्हाइट ओकमध्ये टॅनिन भरपूर असतं, तयार फर्निचर बंद खोलीत ठेवायचं, आत कडक अमोनियाची भांडी ठेवायची, त्या वाफेने टॅनिनवर क्रिया होऊन लाकूड स्वतःच गडद होतं. पण हे सगळं वरच्या पातळ थरात. सँडरने तो थर गेला की खाली फिकट ओक उघडा पडणार, मग कितीही स्टेन मारा, तो रंग परत येत नाही. घरी धुरी देऊन बघू असंही कोणी मनात आणू नका, ती वाफ डोळ्यांना आणि फुफ्फुसांना फार घातक आहे.

मळ काढायचा असेल तर मिनरल स्पिरिट्स (रंग पातळ करायचं द्रावण), सुती फडकं, आणि सुरुवात सीटखाली न दिसणाऱ्या जागेपासून. फडकं काळं होत जाईल, त्याने घाबरू नका, तो जुना मेण आणि धूर आहे. वरचं फिनिश कुठलं ते बघायचं तर त्याच लपलेल्या जागी डिनेचर्ड अल्कोहोलचा (पॉलिशवाल्यांचं स्पिरिट) एक थेंब टाका, चिकट झालं तर लाखेचं पॉलिश, म्हणजे आपल्याकडे सुतार बोळ्याने मारायचे तेच. मग त्याच्यावर फक्त चांगलं पेस्ट वॅक्स, बास.

मेघना_बफलो:
स्टिकली म्हटलं की लोक एकच माणूस धरतात पण भाऊ पाच होते: गुस्ताव, चार्ल्स, अल्बर्ट, लिओपोल्ड आणि जॉन जॉर्ज, आणि धंदे वेगवेगळे. सिराक्यूजजवळ गुस्तावचा कारखाना, फेएटव्हिलला लिओपोल्ड आणि जॉन जॉर्जचा एल अँड जेजी, अल्बर्ट तिकडे मिशिगनमध्ये ग्रँड रॅपिड्सला. त्यामुळे आधी खूण शोधा. मागच्या पायांच्या आतल्या बाजूला, हाताखाली, टॉर्च तिरकी धरून. गुस्तावची खूण म्हणजे सुताराचा कंपास आणि त्यात ‘आल्स इक कान’ हे शब्द, आधी लाल डेकल (चिकटवलेली छापील खूण) आणि नंतरच्या वर्षांत डागणी दिलेली. एल अँड जेजीच्या साधारण 1906 ते 1912 च्या डेकलचा आकार मात्र लाकडी शिकंजासारखा असतो, दोन जबडे आणि मध्ये स्क्रू.

खूण नाही म्हणून खोटी असं नाही हं, डेकल पुसली जातात. आणि उलटंही खरं, नाव दिसलं म्हणून जुनी असं नाही, कारण एल अँड जेजी कंपनीने 1989 पासून ही मिशन म्हणजे साध्या सरळ रेषांची डिझाइन्स परत बनवायला घेतली आणि ती आजही दुकानात मिळतात.

माझ्या घरापासून ईस्ट ऑरोरा जवळ आहे, एल्बर्ट हबर्डच्या रॉयक्रॉफ्ट या कारागिरांच्या वसाहतीचं गाव. तिथल्या फर्निचरवर खूण लपवलेली नाही, बरेचदा समोरच ठळक कोरलेली, गोल आणि वर दुहेरी क्रॉस. एकदा बघून या, लाकूड एवढं शांत आणि ठाम दिसू शकतं हे तिथे कळतं.

पार्सिपनीकर:
मागच्या डाव्या पायाच्या आत लालसर काहीतरी आहे!! अक्षरं वाचता येत नाहीत. अजून काही तपासता येईल का?

रंधा_पटाशी:
येईल, पाय बघा. ओक क्वार्टर सॉन कापला, म्हणजे ओंडक्याचे चार भाग करून केंद्राकडून सालीकडे फळ्या काढल्या, की लाकडात त्या चमकणाऱ्या पट्ट्या दिसतात, रे फ्लेक म्हणतात त्याला. उजेडात खुर्ची फिरवली की त्या हलल्यासारख्या वाटतात, मी तर अजून थांबून बघतो. आता गंमत अशी की अखंड चौकोनी पायात ही चमक समोरासमोरच्या दोनच बाजूंना येऊ शकते, बाकी दोन बाजू साध्या रेषांच्या राहतात. गुस्तावने त्या दोन बाजूंवर पातळ व्हीनियर (लाकडाचा पापुद्रा) चिकटवलं. एल अँड जेजीने वेगळीच वाट काढली, चार फळ्या एकमेकांत अडकतील अशा कापून त्यांचाच पाय जोडला, म्हणून चारही बाजूंना चमक. खुर्ची आडवी करा आणि पायाचा तळ बघा, चार तुकड्यांचे सांधे दिसतील.

हातावरही नजर टाका, पायाचा वरचा भाग म्हणजे टेनन हाताच्या फळीतून आरपार वर आलेला आहे का, की नुसता वरून चिकटवलेला चौकोन आहे. आणि फिलिप्सचे चारखाची स्क्रू दिसले तर ते 1930 नंतरचे, म्हणजे दुरुस्ती झालीय किंवा खुर्चीच नंतरची.

पुणेरी_लाकूड:
छान चाललाय धागा. एक मुद्दा मात्र मांडतो, ‘हँडक्राफ्टेड’ या शब्दावर या खुर्च्यांची किंमत चढवली जाते ते पूर्ण खरं नाही. स्टिकलीच्या कारखान्यात मशीनं होती, कापणं रंधणं मशीनवर, जोडणी आणि शेवटचा हात माणसाचा. आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही. ज्याच्या नावाची ही खुर्ची, त्या इंग्लंडच्या डिझायनर विल्यम मॉरिसचं दुखणंच ते होतं, त्याने 1861 ला कंपनी काढली, सगळं हाताने आणि मन लावून, पण ते परवडलं फक्त श्रीमंतांना. तुमच्या खुर्चीचं मूळही बघा, ससेक्समधल्या एका गावच्या सुताराची पाठ हलवता येणारी खुर्ची मॉरिसच्या माणसांनी पाहिली आणि 1866 च्या सुमारास त्याचा आर्किटेक्ट सहकारी फिलिप वेबने तिच्यावरून डिझाइन केलं. मॉरिसचं नाव मोठं झालं, सुताराचं मागे राहिलं. अमेरिकेत मशीनमुळे तीच कल्पना शिक्षक-कारकुनांच्या दिवाणखान्यात आली. आज त्याच वस्तू लिलावात कुठे गेल्यात बघा, गुस्तावच्या स्वतःच्या घरातला साइडबोर्ड (जेवणघरातलं बुटकं कपाट) 1988 मध्ये गायिका-अभिनेत्री बार्ब्रा स्ट्रायसँडने 3,63,000 डॉलरला घेतला.

आणि न्यूयॉर्कला जाल तेव्हा 7 ईस्ट 10 स्ट्रीटच्या घराची बाहेर आलेली खिडकी बघा, बारीक कोरलेलं सागवान. अमेरिकन चित्रकार आणि सजावटकार लॉकवुड डी फॉरेस्टचं घर ते. त्याने 1881 मध्ये अहमदाबादला मगनभाई हठीसिंग यांच्यासोबत लाकूडकामाची कार्यशाळा सुरू केली होती, आपल्याकडच्या कारागिरांचं काम तिथून अमेरिकेत जायचं.

मेघना_बफलो:
@पुणेरी_लाकूड मशीनचं पटलं, पण हात कमी लेखू नका. लाखेचे थर, धुरी कधी थांबवायची, चारही पायांची चमक एकमेकांना शोभेल असं लाकूड निवडणं, हे मशीनने होत नाही. मला तर खुर्चीत बसल्यावर तेच जाणवतं.

पार्सिपनीकर:
पाय बघितले! तळाला चार तुकडे स्पष्ट आहेत आणि चारही बाजूंना चमक!! टॉर्च तिरकी धरल्यावर लाल खुणेत जबड्यासारखी लांब कड पण दिसते. टेनन आरपार आहे, स्क्रू सगळे एकखाची. नवऱ्याला धागा वाचून दाखवला, सँडरचा विषय संपला, आता तोच फडकं घेऊन बसलाय. सीटचं काय करू, लेदर टाकून द्यायचं का?

रंधा_पटाशी:
अभिनंदन, एल अँड जेजीच वाटतेय! घाई करू नका, जवळच्या लिलाव घरात फोटो पाठवून मत घ्या, डेकलचा क्लोजअप आणि पायाच्या तळाचा नक्की. जुनं लेदर, स्प्रिंगा, खिळे एका खोक्यात लेबल लावून जपून ठेवा, पुढे कोणाला मूळचं बघायचं असलं तर तोच पुरावा. बसण्यासाठी वेगळी नवी गादी जाड लेदरची करून घ्या, फ्रेमला नवा खिळा न मारता नुसती ठेवता येईल अशी. डेकलवर स्पिरिट्सचं फडकं चुकूनही जाऊ देऊ नका. आणि हिवाळ्यात हीटरच्या झोतासमोर ठेवू नका, तिकडची कोरडी हवा सांधे सैल करते, बेसमेंटची ओलही नको. आतल्या भिंतीपाशी, थेट ऊन येणार नाही अशी जागा बघा आणि रोज बसा त्यात, बसण्यासाठीच केलीय ती.